बॅकअप आहे म्हणता, उघडून कधी पाहिलात?

३१ मार्च हा ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून २०११ पासून पाळला जातो. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी सावध व्हा, अशी त्यामागची गंमत. पण ज्यानं ही तारीख काढली तो आपल्याकडच्या एखाद्या हिशेबनिसाच्या शेजारी कधी बसलेला नसणार. त्या दिवशी इथे जेवायला फुरसत नसते, बॅकअप कुठला घेतात! म्हणून गेल्या अंकात मी आधीच पत्रं मागवली होती : तुमच्याकडे लिनक्स (विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली) असेल, घरचं मशीन असो की सर्व्हर, तर बॅकअपची काय व्यवस्था आहे ते कळवा. टपाल आणि मेल मिळून बरंच आलं. ‘आहे, रोज होतो’ असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलंय. परत आणून पाहिला, असं लिहिणारी पत्रं दोनच निघाली. त्यातलं एक खाली घेतलंय, आणि त्यांचा धड परत आलाच नाही.

एक सूचना. आज्ञा मी इथे छापत नाही. जुळणीत एक तिरकी रेघ निसटली तर डिस्क तुमची जाते आणि शिव्या मला बसतात. प्रोग्रामची नावं सांगते. नेमकी आज्ञा त्याच्या मॅन्युअलमधून, स्क्रीनवर बघून घ्या.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या भाच्यानं जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवून दिलं. ‘टाइमशिफ्ट रोज आपोआप बॅकअप घेतं, मामा, तू बघूही नकोस’ असं सांगून तो बंगळुरूला गेला. आमच्या चाळीच्या गणेशोत्सवाची जुनी इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्यांची छायाचित्रं आणि म्हाताऱ्या रहिवाशांच्या मुलाखती असं सगळं मी त्यात साठवलं आहे. टाइमशिफ्ट उघडलं की हिरवी ढाल दिसते. मी निर्धास्त राहावं ना?
— निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर : सर, लिहिताना वाईट वाटतंय, पण त्या हिरव्या ढालीमागे तुमचं एक पानही नसण्याची शक्यता फार आहे.

टाइमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं. अपडेटनं काही बिघडलं, पडदा काळा झाला, तर मशीन कालच्या स्थितीत नेऊन ठेवायचं, हे त्याचं काम, आणि ते चोख करतं. तुमचं लिखाण ज्या होम फोल्डरमध्ये असतं तो मात्र ते मुद्दाम वगळतं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. सिस्टीम आठवडाभर मागे नेली आणि होमही सोबत मागे गेलं, तर आठवड्याचं टंकलेखन उडालं. भाच्यानं काम नीट केलंय, फक्त त्याला बॅकअप म्हणायला नको होतं. शिवाय बहुतेक घरांत टाइमशिफ्टच्या नोंदी त्याच डिस्कवर साठतात. डिस्क गेली की दोन्ही गेलं.

खात्री करायची तर टाइमशिफ्ट उघडा, कालची नोंद निवडा, वरचं ‘ब्राउझ’ दाबा, मग ‘लोकलहोस्ट’ आणि त्यात ‘होम’. वर्गणीच्या वह्या तिथे सापडल्या तर येत्या गणपतीत तुमच्या चाळीत येऊन आरत्या मी म्हणेन, तेही सगळ्या.

आता करायचं काय? बाहेरची एक डिस्क घ्या. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘देजा डुप’ हा बॅकअपचा प्रोग्राम शोधून बसवा. त्याला होम फोल्डर दाखवा, डिस्क दाखवा, आठवड्यातून एकदा असं लावा. पहिल्या खेपेला सगळं जातं, पुढे फक्त बदललेलं. मध्येच ते पासवर्ड हवा का विचारेल. डिस्क घरातच राहणार असेल तर लावू नका, असं माझं मत आहे. रागावू नका सर, पण या वयात चोरापेक्षा विसरण्याची भीती मोठी. माझ्याही.

पहिला बॅकअप झाला की त्याच दुपारी एक मुलाखत निवडून ‘रिस्टोर’ करा. मूळ जागी नको, ‘चाचणी’ नावाचा नवा फोल्डर करून त्यात आणा. शेवटपर्यंत ऐका. आवाज तुटला नाही की मग चहा घ्या.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती : विंडोजच्या जुन्या मशीनवरून फाइली आणताना ‘नाव फार लांब आहे’ असं सांगून काही फाइली आल्याच नाहीत. ही गंमत फक्त आपल्यासारख्यांनाच कळते, कारण ती देवनागरीची आहे. डिस्कवर फाइली मांडायच्या लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-फोर रचनेत फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, आपलं तीन बाइटचं. त्यात काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ हे डोळ्याला एकच अक्षर, पण संगणकाच्या हिशेबी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. म्हणजे तुमच्या नावाला चिन्हं मिळतात जेमतेम ८५. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत हा हिशेब वेगळा असतो, तिथे २५५ मराठी चिन्हंही बसतात. ‘कार्यकारी मंडळाच्या विशेष सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, वर्गणीचा तपशील आणि नाटकाच्या तालमींचा वृत्तांत’ असं नाव तिथे खपलं, इथे अडलं. मिंट बसवताना ‘होम फोल्डर एन्क्रिप्ट (म्हणजे कुलूपबंद) करा’ या चौकटीत भाच्यानं खूण केली असेल तर मर्यादा आणखी खाली येते, १४३ बाइटवर. म्हणजे मराठीत ४७ चिन्हं. मास्तरकीच्या सवयीनं पूर्ण वाक्य लिहायचा मोह होतो, पण नाव छोटं ठेवा आणि वर्णन फाइलच्या आत लिहा.

प्रश्न : आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, एक-दोन मासिकं. सगळ्या फाइली उबुंटू लिनक्सच्या सर्व्हरवर, आणि त्याला दोन डिस्कचा रेड, म्हणजे तोच मजकूर दोन्हींवर. एक गेली तरी दुसरी आहे. मग वेगळा बॅकअप कशाला?
— प्रभादेवी

उत्तर : रेडमुळे डिस्क मेली तरी दुकान बंद पडत नाही. बस्स. पोरानं चुकून ‘मे २०१९’चा फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो, आरशातल्यासारखा. तेव्हा रेड असू द्या, आणि बॅकअपही घ्या.

तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या नसणार, श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या फॉन्टांच्या काळातल्या असणार. मीही त्याच धंद्यातून आले. त्या फाइलीत मराठी नसतंच, असतात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फाइल सुखरूप परत आली आणि फॉन्ट आला नाही तर पत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’च्या जागी कचरा उमटतो. म्हणून फाइलींसोबत फॉन्ट ठेवा, आणि छापायला गेलेली प्रत्येक वस्तू फॉन्ट आत घातलेल्या पीडीएफमध्येही ठेवा. लिनक्सच्या मशीनवर स्वतः बसवलेले फॉन्ट बहुधा टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात जातात. कंट्रोल दाबून एच दाबलं की ते दिसतात. ‘सगळं निवडून कॉपी मारली’ म्हणणाऱ्यांची हीच फसगत होते : न दिसणारं निवडलंच जात नाही.

प्रश्न : ताई, आमचं छोटं ग्रंथालय आहे, डेबियन लिनक्सवर ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं. एका स्वयंसेवक मुलानं रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी होईल असं क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप करणारी सोय) लावून दिलं. तुमचं आवाहन वाचून आम्ही तो फोल्डर जुन्या मशीनवर लावून पाहिला. मारियाडीबी, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, सुरूच होईना. एक दिवस मागचा लावला, तोही नाही. तिसरा चालला, पण त्यात काही सभासदांच्या नोंदी अर्धवट. कॉपी तर पूर्ण झाली होती. मग असं का?
— ग्रंथपाल, विलेपार्ले

उत्तर : आधी तुमचं अभिनंदन. ही गोष्ट तुम्हाला निवांत दुपारी कळली.

आता कारण. समजा दादरहून सुटलेल्या बारा डब्यांच्या लोकलचा तुम्ही एकेक डबा करत फोटो काढताय. पहिला डबा टिपला तेव्हा गाडी दादरला होती, बारावा टिपेपर्यंत माटुंग्याला. ते बारा फोटो शेजारी ठेवले तर दिसायला पूर्ण गाडी दिसते, पण अशी गाडी कोणत्याच क्षणी रुळावर नव्हती. चालत्या डेटाबेसचा फोल्डर कॉपी करणं म्हणजे हेच. काही नोंदी अजून मेमरीत असतात, काही एका फाइलीत उतरलेल्या असतात, दुसरीत उतरायच्या असतात. रात्री दोनला ग्रंथालय बंद असतं हे खरं, पण कोहाची स्वतःची कामं, थकलेल्या पुस्तकांच्या सूचना, शोधसूचीची जुळवाजुळव वगैरे रात्रीच चालतात.

उपाय सोपा आहे. डेटाबेसलाच सांगायचं की तुझ्याकडचं सगळं एका क्षणाचं म्हणून लिहून दे. याला डम्प म्हणतात. मारियाडीबी आणि मायस्क्युएलसाठी त्या प्रोग्रामचं नाव ‘मायस्क्युएलडम्प’, मारियाडीबीच्या नव्या आवृत्तीत ‘मारियाडीबी-डम्प’. त्याला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय जोडला की इनोडीबी या नेहमीच्या साठवण-पद्धतीतल्या तक्त्यांचं एकाच क्षणाचं चित्र मिळतं आणि चालू कामही अडत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी हेच काम ‘पीजीडम्प’ करतं. डेबियनच्या पॅकेजमधून कोहा बसवलं असेल तर ते स्वतःहून रोज असा डम्प काढून ठेवतं. मात्र मोजक्याच दिवसांचे ठेवतं, आणि ठेवतं त्याच मशीनवर. तुमच्या स्वयंसेवकाचं क्रॉन फोल्डरऐवजी त्या डम्पकडे वळवा, अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे ‘इटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरखालचा कोहाचा फोल्डर, बसवलेल्या पॅकेजांची यादी आणि मुखपृष्ठांची चित्रं वेगळ्या फोल्डरात असतील तर ती. आणि दर तीन महिन्यांनी जुन्या मशीनवर डम्प चढवून पुस्तकं मोजा, सभासद मोजा, मूळ सर्व्हरच्या आकड्यांशी ताडून पाहा. कागदावर तारीख घालून सही करा. ग्रंथालयाला साठातपासणी नवी नाही.

तुम्हाला स्वतःचा कमीपणा वाटू नये म्हणून एक खरी हकीकत सांगते. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्याकडे दोन डेटाबेस सर्व्हर एकमेकांशी जुळत नव्हते. दमलेल्या एका इंजिनीअरनं दुय्यम सर्व्हरवरचा फोल्डर पुसायची आज्ञा दिली, पण तो बसला होता मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, त्यानं हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध. रोजचा डम्प जिथे जायला हवा ती जागा रिकामी! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डम्प काढणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे तो रोज सुरू होऊन रोज बंद पडत होता. बंद पडल्याची मेल जायची व्यवस्था होती, पण त्या मेलवर हवी ती सही नसल्यानं समोरचा सर्व्हर त्या परतवत होता. म्हणजे बॅकअप नाही, आणि बॅकअप नाही हे सांगणारी घंटाही मुकी. वाचले ते योगायोगानं : सहा तास आधी कुणीतरी भलत्याच कामासाठी हातानं एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काढून ठेवला होता. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर केलं, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर सगळ्यांना दाखवत केलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. आपल्याकडे एवढ्यात तीन जणांवर ढकलून झालं असतं.

तुम्ही एवढंच करा की क्रॉननं झालं नाही तरी कळवावं आणि झालं तरी डम्पचा आकार कळवावा. कालचा ४० एमबी आणि आजचा शून्य असेल तर चहावाल्यालाही समजेल.

प्रश्न : टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चुकून पूर्ण प्रोजेक्टचा फोल्डर उडवला. रिसायकल बिनमध्ये नाही. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. परत येईल का? सबमिशन सोमवारी.
— विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : अंक हातात पडेपर्यंत तो सोमवार होऊन गेला असेल, म्हणून पुढच्यासाठी. टर्मिनलमधून पुसलेलं कचरापेटीत जात नाही. फिरत्या तबकडीची डिस्क असती तर मशीन ताबडतोब बंद करून, दुसरीकडून ‘फोटोरेक’ हा पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवून बरंच हाती लागलं असतं. एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कवर, मोकळी झालेली जागा खरोखर रिकामी करायचं काम उबुंटू आठवड्यातून एकदा आपणहून करतं. त्याच्या आत धाव घेतलीत तर थोडी आशा. प्रोजेक्ट कोडचा असेल तर गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारा प्रोग्राम) वापरा आणि रोज रात्री झोपण्याआधी दुसऱ्या मशीनवर ढकला. गाइडला खरं सांगा. आमच्या वेळी ‘फ्लॉपी खराब झाली’ चालायचं, आता कोणी ऐकत नाही.

प्रश्न : मी चार्टर्ड अकाउंटंट. ऑफिसचा लिनक्स सर्व्हर आहे. टेबलाखाली बाहेरची डिस्क कायम लावलेली, रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं सगळं तिच्यावर जातं. स्क्रिप्ट रोज ‘पूर्ण’ असं सांगते. आणखी काय हवं?
— बोरिवली

उत्तर : तीन गोष्टी हव्यात, आणि तिन्ही मी स्वतःच्या खर्चानं शिकलेय.

पहिली. २००५ साली मी कलिन्याला तळमजल्यावरच्या एका छापखान्यात होते. बॅकअप अगदी नियमानं घ्यायचे, दुसऱ्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क कुठे? त्याच टेबलाच्या खालच्या खणात. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा खण फुगून बसला होता, ओढून निघेना. कोयत्यानं फोडला. डिस्क उचलली तर तिच्यातून चिखलाचं पाणी गळलं. चार वर्षांच्या स्मरणिका. मूळ आणि प्रत यांच्यात अंतर किती, तर दीड फूट!

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं सांगितलेला ३-२-१ चा हिशेब बॅकअपवाले हल्ली पाठ म्हणतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. मला त्यातला एकच आकडा पुरेसा वाटतो, शेवटचा. दोन डिस्क घ्या, दर शनिवारी बदला, घरी गेलेली घरी राहू दे. घर त्याच सोसायटीत असेल तर बहिणीकडे ठाण्याला ठेवा. मोठ्यांनाही हे सुटत नाही. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही जळालं. कायम लावलेल्या डिस्कला आणखी एक धोका : विजेचा झटका आला किंवा फाइली ओलीस धरणारा खंडणीखोर प्रोग्राम घुसला, तर मशीनसोबत तीही जाते.

दुसरी. तुमची स्क्रिप्ट ‘पूर्ण’ म्हणते, पण कुठे पूर्ण? एका कार्यालयात मी अशीच व्यवस्था लावली होती. झाडू मारणाऱ्या मावशींचा धक्का लागून डिस्कची वायर सुटली. लिनक्समध्ये डिस्क ज्या फोल्डरवर चढवतात तो फोल्डर डिस्क नसली तरी जागेवरच असतो, रिकामा. आरसिंकला तो सापडला, त्यानं इमानानं सगळा डेटा त्यात ओतला, म्हणजे आतल्याच डिस्कवर. तीन रात्री ‘पूर्ण’. चौथ्या सकाळी सर्व्हरची जागा संपली, मेल बंद, बिलं निघेनात. मी अर्धा दिवस मेल सर्व्हरला शिव्या घालत बसले. तेव्हापासून स्क्रिप्टची पहिली ओळ एकच प्रश्न विचारते : डिस्क खरंच चढलेली आहे का? त्यासाठी ‘माउंटपॉइंट’ नावाची छोटी आज्ञा आहे. नसेल तर काम थांबतं आणि बोंब मारतं. मावशींना मी काही बोलले नाही. वायर वाटेत टाकली होती मीच.

तिसरी. आरसिंकमध्ये ‘डिलीट’चा पर्याय लावला असेल (बहुतेक जण लावतात, नाहीतर प्रत फुगत जाते), तर मूळ जागेवरून जे गेलं ते रात्री प्रतीतूनही जातं. मूळ फोल्डर काही कारणानं रिकामा दिसला तर प्रतही रिकामी होते, आणि स्क्रिप्ट पुन्हा ‘पूर्ण’च म्हणते. ग्राहकानं जूनमध्ये बिघडवलेली फाइल ऑगस्टमध्ये लक्षात आली तर कालची प्रत काय कामाची? तारखेवार प्रती ठेवा. ‘आरस्नॅपशॉट’ आरसिंकच्याच जोरावर हे करतं. न बदललेल्या फाइली पुन्हा साठवत नाही, हार्डलिंकनं, म्हणजे त्याच फाइलीला आणखी एक नाव देऊन, जोडतं, त्यामुळे तीस दिवसांच्या तीस प्रती दिसतात पण जागा एकीहून थोडीच जास्त लागते. ग्राहकांचे पॅन, बँकेचे तपशील बहिणीच्या घरी जाणार असतील तर ‘बोर्ग’ किंवा ‘रेस्टिक’ हे बॅकअपचे प्रोग्राम वापरा. तारखेवार प्रती ठेवतात, सारखा मजकूर एकदाच साठवतात आणि कुलूपबंद ठेवतात. रेस्टिक तर कुलपाशिवाय चालतच नाही. मात्र पासवर्ड हरवला तर उघडायचा मार्ग नाही, बनवणाऱ्यांकडेही नाही. तो कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि तिथे काय ठेवलंय हे आणखी एका माणसाला सांगा. का, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : ताई, माझे यजमान दिवाळीनंतर गेले. घरातलं संगणकाचं सगळं तेच बघायचे. लॅपटॉपवर लिनक्स आहे. सुरू केला की ह्यांचं नाव येतं आणि खाली पासवर्डची चौकट. तो मला माहीत नाही. ‘सगळे फोटो मोठ्या डिस्कवर आहेत, काळजी करू नकोस’ असं ते म्हणायचे. ती डिस्क मुलीनं तिच्या लॅपटॉपला लावली तर फोटो नाहीतच. ‘डेटा’ नावाचा फोल्डर, आत आकड्यांच्या नावाच्या फाइली, एक ‘कॉन्फिग’ आणि एक ‘रीडमी’. रीडमीत लिहिलंय की ही बोर्ग बॅकअपची रिपॉझिटरी आहे. दुकानदार म्हणतो, लॅपटॉप फॉरमॅट करून देतो, निदान वापरता तरी येईल. काय करू?
— वाचिका, मुलुंड

उत्तर : दुकानदाराला आजच सांगा, हात लावू नकोस. लॅपटॉप तसाच घरी आणा. डिस्कवरची एकही फाइल हलवू नका, ‘जागा खाते’ म्हणूनही नाही.

आता आशेच्या गोष्टी, एकेक करून.

फोटो मुळात लॅपटॉपवरच असतील, डिस्कवरची दुसरी प्रत आहे. सुरू केल्यावर नाव दिसतं आणि मग पासवर्ड विचारला जातो, याचा अर्थ बहुतेक वेळा आतली डिस्क कुलूपबंद नाही, फक्त दारावर राखणदार बसलाय. लिनक्स मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून मशीन त्यावरून सुरू केलं, तर आपण त्या दारानं जातच नाही. फाइल मॅनेजरमध्ये आतली डिस्क दिसते, त्यात होम, त्यात यजमानांच्या नावाचा फोल्डर. परवानगी नाही असं आलं तर उजवी कळ दाबून ‘रूट म्हणून उघडा’. फोटो दिसले की नव्या डिस्कवर कॉपी करा. तिथे फोटोंऐवजी ‘अ‍ॅक्सेस युअर प्रायव्हेट डेटा’ अशा नावाची फाइल दिसली तर होम फोल्डरला कुलूप आहे, मग थांबा.

फोटो तिथे नसले, तर बोर्ग. डिस्कवरची ‘कॉन्फिग’ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये नुसती उघडून बघा, काही न बदलता बंद करा. त्यात ‘की’ असा शब्द आणि पुढे अगम्य अक्षरांच्या ओळी असतील तर किल्ली डिस्कवरच आहे, पासवर्ड तेवढा हवा. नसतील तर किल्ली लॅपटॉपच्या एका लपलेल्या फोल्डरात असणार. फॉरमॅट झाला असता तर ती कायमची गेली असती.

आणि पासवर्ड? यजमानांचा बॅकअप रात्री आपोआप व्हायचा का, ते आठवून बघा. डिस्कचा दिवा रात्री लुकलुकायचा का? तसं असेल तर रोज रात्री उठून तो टाइप कोण करणार होतं? माणूस झोपलेला असताना जे काम चालतं त्याचा पासवर्ड मशीनवर कुठेतरी लिहिलेला असतो : क्रॉनच्या यादीत, होममधल्या एखाद्या छोट्या स्क्रिप्टमध्ये, नाहीतर टर्मिनलच्या जुन्या आज्ञांच्या नोंदीत. मी आधी तिथेच बघते. यजमानांच्या वह्या, डायऱ्या, फोनमधल्या टिपणीही चाळा. मुलीचा जन्मदिवस, पहिल्या घराचा नंबर, असं काही सुचेल ते कागदावर लिहीत जा. बोर्ग चुकीच्या पासवर्डावर रागावत नाही, कितीही वेळा विचारता येतं.

एकटीनं करू नका. पुढच्या दोन शनिवारी दुपारी मी मासिकाच्या कचेरीत बसणार आहे, मुलीला घेऊन या. लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि रिकामी डिस्क माझ्याकडे असेल. तुम्ही लॅपटॉप, ती मोठी डिस्क आणि तिची वायर आणा, आणि चार्जर विसरू नका.